पट्टीचा चेंडू आणि इलॅस्टिकची चौकट: सॉफ्टबॉलचं पिचिंग शिकताना

शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीला पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारी, व्हायचं असतं. पहिल्याच महिन्यात तिच्या घरून विचारणा होते, पिचिंगसाठी कुठलं साधन मागवू? मोबाइलवर व्हिडिओ पाहून झालेले असतात. त्यात रबरी पट्टे, जड चेंडू, मनगटाला बांधायच्या फळ्या, वेग मोजणारी यंत्रं असं सगळं दिसतं आणि किमतीही दिसतात. माझं सांगणं असं की आधी एक इन्सुलेशन टेप, शिंप्याकडे मिळतं ते रुंद इलॅस्टिक पाच-सहा मीटर आणि चुन्याची फक्की एवढंच आणा. पहिले सहा महिने याहून जास्त काही लागत नाही.

पैसे वाचवायचे म्हणून हे सांगत नाही. सरावाच्या साधनाचं काम एकच असतं: चेंडू हातातून सुटल्यावर लगेच, सरांनी न सांगता, आपलं काय चुकलं ते कळलं पाहिजे. आपल्याकडे मैदानावर पीटीचे सर एक आणि मुलं चाळीस. सर तुमच्याकडे बघतात तोवर वीस चेंडू चुकीचे टाकून झालेले असतात आणि हाताला तेच वळण लागतं. म्हणून ज्या साधनातून चूक डोळ्यांना दिसते ते साधन चांगलं. ज्याने नुसता घाम निघतो ते नंतर बघू.

आधी अंतर नीट मोजा

महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर प्लेटपासून (जिथून चेंडू टाकतात ती पट्टी) होम प्लेटपर्यंतचं (बॅटरजवळची पाटी) अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर; पुरुषांमध्ये ४६ फूट, म्हणजे १४.०२ मीटर. हे अंतर पिचर प्लेटच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत मोजतात. पुष्कळ मैदानांवर मोजायचा टेप होम प्लेटच्या पुढच्या कडेला लावलेला दिसतो. प्लेट ४३ सेंटिमीटर खोल असते, त्यामुळे तिथे मुली रोज जवळजवळ दीड फूट जास्त अंतरावरून टाकत राहतात आणि स्पर्धेत गेल्यावर चेंडू वर का जातोय ते कोणालाच कळत नाही. लहान गटांत अंतर कमी ठेवायची पद्धत आहे. अमेरिकेत १० वर्षांखालील मुली ३५ फुटांवरून आणि थोड्या लहान, ११ इंच परिघाच्या चेंडूने खेळतात, तर १२ वर्षांखालच्या ४० फुटांवरून. आपल्या १४ वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत कुठलं अंतर आणि कुठला चेंडू धरलाय, ते आयोजकांना आधीच विचारून ठेवा.

नेहमीच्या चेंडूचा परीघ १२ इंच असतो, वजन साधारण १७८ ते १९८ ग्रॅम. नाव सॉफ्टबॉल असलं तरी तो मऊ अजिबात नसतो. त्यामुळे कॅचरला, म्हणजे होम प्लेटमागे बसून चेंडू झेलणारीला, मास्क घातल्याशिवाय बसवायचं नाही, सराव असला तरी.

चेंडूवर पट्टी

आता मुख्य साधन. एक जुना पण शिवण उसवलेली नाही असा चेंडू घ्या. शिवणीचा घोड्याच्या नालासारखा आकार शोधा आणि चेंडू असा धरा की बोटांची टोकं त्या नालाच्या आडव्या शिवणीवर टेकतील. हात लहान असेल तर तीन बोटं वर, मोठा असेल तर दोन. अंगठा समोरच्या बाजूला. चेंडू तळव्यात रुतवायचा नाही, तळवा आणि चेंडू यांच्यात थोडी फट दिसली पाहिजे. असाच धरून ठेवा आणि मधलं बोट जिथे आहे तिथून, बोटाच्याच दिशेने, चेंडूभोवती पूर्ण एक फेरी येईल अशी टेप लावा. टेप बाजारात येते तेवढी रुंद ठेवू नका, कात्रीने उभी अर्धी कापा. रुंद पट्टी बोटाखाली गुळगुळीत लागते आणि पकड सुटते. पांढऱ्या चेंडूला काळी किंवा लाल पट्टी, पिवळ्याला काळीच. टेपचं टोक शिवणीवर संपवू नका, तिथे ते दोन दिवसांत उचकटतं. सपाट चामड्यावर संपवा आणि नखाने दाबून बसवा.

ही पट्टी काय सांगते ते बघा. सरळ टाकलेल्या चेंडूला पुढच्या दिशेने गिरकी मिळावी लागते, म्हणजे चेंडूची वरची बाजू कॅचरकडे फिरत जाते. बोटं चेंडूच्या मागून वर सरकत सुटली की अशी गिरकी मिळते. ती बरोबर असेल तर समोरच्या कॅचरला पट्टी एका जागी उभी, स्थिर रेघ दिसते. चेंडू गरागरा फिरत असतो, तरी रेघ हलत नाही. बोटं चेंडूच्या एका बाजूने सटकली तर रेघ डुगडुगते. आणि हात चेंडूच्या बाजूने फिरून गेला, म्हणजे दाराची मूठ पिरगळतो तसं झालं, तर पट्टी छताच्या पंख्यासारखी गोल फिरताना दिसते. असा चेंडू वेगात असला तरी बॅटरला सोपा जातो, कारण तो वळत नाही आणि खालीही बसत नाही.

सुरुवात तीन मीटरवरून करा. समोर मैत्रीण उभी, तुम्ही हात फक्त मागून कमरेपर्यंत आणून हळू सोडायचा. गोल फिरवायचा नाही, पायही उचलायचा नाही. प्रत्येक चेंडूनंतर मैत्रिणीने एकच शब्द बोलायचा: “उभी”, “डुगडुग” किंवा “पंखा”. सल्ला द्यायचा नाही. नव्या मुलीला एका वेळी तीन सल्ले मिळाले की तिचा हात आखडतो, हे कुठल्याही मैदानावर बघायला मिळेल. सलग दहांत सात-आठ वेळा “उभी” यायला लागली की एक मीटर मागे सरका.

मैत्रीण नसेल तर मोबाइल. जाळीच्या मागे, चेंडू लागणार नाही अशा जागी तो उभा करा आणि स्लो मोशन लावा. पट्टी त्यात इतकी स्पष्ट दिसते की वाद घालायला जागा उरत नाही.

घरात सराव करायचा असेल तर तोच चेंडू फुटबॉलच्या लांब मोज्यात घालून वरून गाठ मारा आणि दोन-तीन मीटरवर टांगलेल्या जाड गोधडीवर टाका. चेंडू उडत नाही, खालच्या मजल्यावरचे लोक वर येत नाहीत, आणि पावसाळ्यात मैदान चिखलात गेलं तरी हात बंद पडत नाही. यात गिरकी दिसत नाही हे खरं, हात फिरता राहतो इतकंच.

हात कसा फिरतो

उजव्या हाताने टाकणाऱ्यांसाठी लिहितो. डावखुऱ्यांनी उलट धरावं.

विंडमिल पद्धतीत हात खांद्याभोवती एक पूर्ण फेरी मारतो. घड्याळाची तबकडी तुमच्या बाजूला उभी आहे असं धरा. हात वर १२ वर असताना अंग थर्ड बेसकडे, म्हणजे तुमच्या उजवीकडे, उघडलेलं असतं आणि डावा पाय पुढे पडायच्या बेतात असतो. हात मागे ९ वर येईतो डावा पाय जमिनीवर घट्ट रोवलेला हवा. इथून पुढचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त चुकीचा शिकवला जाणारा. ९ वर असताना तळवा आकाशाकडे किंवा थर्ड बेसकडे ठेवा. तो सेकंड बेसकडे, म्हणजे पाठीमागे, वळवायला सांगणारे अजून आहेत. चेंडू सोडताना मनगट जोरात झटकायचं आणि कोपर कॅचरच्या दिशेने वर न्यायचं, असंही सांगतात. उत्तम पिचरचे स्लो मोशन व्हिडिओ बघितले तर तसं दिसत नाही. त्यांचा हात खाली येताना कोपरातून किंचित वाकलेला असतो, दंड-कोपर बरगडीला आणि कमरेला घासून जातं आणि त्या घासण्याने वरचा हात जरा थांबला की पुढचा हात चाबकासारखा आत वळून सुटतो. मनगट आपोआप येतं. मुद्दाम झटकलेल्या मनगटाने पट्टी हटकून डुगडुगते, हे तुम्हालाच दिसेल.

नियमही हेच मागतो. चेंडू सोडताना हात कमरेच्या खाली हवा आणि मनगट अंगापासून कोपरापेक्षा लांब जाता कामा नये. हात दीड फेरीहून जास्त फिरवता येत नाही. म्हणजे हात अंगाला धरून आणायची सवय लागली तर अंपायरची भीतीही उरत नाही.

क्रम असा ठेवा. आधी ९ वरून: बाजूने उभं राहा, पाय फाकलेले, हात मागे, तिथूनच खाली आणून सोडा. मग १२ वरून. मग पूर्ण फेरी, पण पाय जागेवर. पाऊल टाकणं सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्यावर पट्टीचाच चेंडू. मुली पहिल्या दिवसापासून पूर्ण फेरी मारायला बघतात, कारण ती दिसायला झकास असते. पण ९ वरून पट्टी उभी राहत नसेल तर पूर्ण फेरीत ती राहण्याचा प्रश्नच येत नाही.

फक्कीची रेघ

पिचर प्लेटच्या मध्यापासून होम प्लेटच्या मध्यापर्यंत फक्कीने सरळ रेघ मारा. सुतळी ताणून मारा, अंदाजाने मारलेली रेघ हमखास वाकडी होते. पुढचं पाऊल या रेघेवर किंवा तिच्या जरा डावीकडे पडलं पाहिजे, पंजा साधारण ४५ अंशांत वळलेला. पाऊल रेघ ओलांडून उजवीकडे गेलं की तुमचीच कंबर तुमच्या हाताच्या वाटेत येते. मग हात तिला वळसा घालून लांबून येतो आणि चेंडू कुठेही जातो. पाऊल फार डावीकडे पडलं की अंग लवकर उघडतं आणि जोर बाजूला वाया जातो.

मागचा पाय उचलायचा नसतो, तो बुटाच्या टोकावर मातीतून ओढत आणायचा असतो. मातीवर त्याची खूण राहते आणि हे फुकटचं साधन कोणी बघतच नाही. पाच चेंडू टाकून झाले की मागे वळून खूण बघा. ती सरळ पुढे गेलेली असेल तर ढकल बरोबर. मध्येच तुटली असेल तर पाय हवेत उचलला गेलाय. पाय उचलून पुढे टेकवून पुन्हा ढकललं तर ती चेंडू टाकण्याची बेकायदा रीत होते. चेंडू अवैध ठरतो आणि फायदा बॅटिंगवाल्यांना मिळतो. सिमेंटच्या कोर्टावर सराव करणाऱ्यांना ही खूण मिळत नाही, शिवाय बुटाची टोकं महिन्याभरात झिजतात. जमेल तेव्हा मातीवर या.

इलॅस्टिकची चौकट

चेंडू नीट फिरायला लागला, पाऊल रेघेवर पडायला लागलं, की मग नेम. याच्या आधी नेमाच्या मागे लागू नका. नेम धरायला गेलं की मुली वेग कमी करून चेंडू ‘ठेवायला’ लागतात आणि ती सवय मोडायला फार त्रास होतो.

शाळेच्या क्रीडा खोलीत उंच उडीचे दोन स्टँड असतातच. ते होम प्लेटच्या पुढच्या कडेच्या रेषेत दोन बाजूंना उभे करा. दोघांत आडवी दोन इलॅस्टिकं बांधा: खालचं बॅटरच्या गुडघ्याच्या वरच्या टोकाला, वरचं काखेच्या उंचीला. ही उंची बॅटिंगच्या पवित्र्यात उभ्या राहिलेल्या मैत्रिणीवर मोजा. ताठ उभी असताना मोजलीत तर चौकट उगाच उंच होते. मग त्या दोन आडव्यांमध्ये दोन उभी इलॅस्टिकं. सुतळी लावू नका. चेंडू लागला की ती तुटते किंवा स्टँड पाडते. इलॅस्टिक ताणलं जातं आणि जागेवर येतं.

उभ्या इलॅस्टिकांमधलं अंतर किती ठेवायचं? प्लेटची रुंदी ४३ सेंटिमीटर, पण चेंडूचा थोडासा भाग प्लेटवरून गेला तरी स्ट्राइक असते, म्हणजे चेंडू बरोबर जागेतून गेला असं धरतात. चेंडूचा व्यास पावणेदहा सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे पूर्ण चेंडू आतून जायला हवा अशी चौकट करायची तर ती जवळपास ६२ सेंटिमीटर रुंद हवी. पहिले काही आठवडे तेवढीच ठेवा. नंतर ४३ वर आणा. तेव्हा इलॅस्टिकला घासून गेलेला चेंडूही स्ट्राइकच मोजायचा. त्यापुढे मधोमध एक आडवं आणि एक उभं इलॅस्टिक बांधून चार खण करा. खालचे दोन खण महत्त्वाचे. वरचे चेंडू शाळेच्या पातळीवर मार खातात.

मागे क्रिकेटची जाळी असेल तर उत्तम. नसेल तर ताडपत्री टांगा, पण ढिली, खाली लोंबती. ताणून बांधलेल्या ताडपत्रीवरून चेंडू परत तुमच्याच अंगावर येतो. भिंतीसमोर चौकट लावायची वेळ आलीच तर मध्ये जुनी गादी हवीच.

दहा-दहा चेंडूंचे संच टाका आणि वहीत नोंद ठेवा: किती आत, किती वर, किती खाली, किती डावी-उजवी. दोन आठवड्यांची पानं समोर ठेवली की चूक कुठे साचतेय ते दिसतं. चेंडू सतत वर जात असतील तर बहुतेक वेळा हात उशिरा सुटतोय किंवा अंग मागे झुकतंय. सतत खाली जात असतील तर हात लवकर उघडतोय किंवा पोटातून पुढे वाकताय. डावी-उजवीची चूक असेल तर परत फक्कीच्या रेघेकडे जा, हाताला दोष देऊ नका.

बाजारातल्या वस्तू

वेग मोजणारं रडार सगळ्यांना हवं असतं आणि नव्या मुलीचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. आकडा दिसला की ती खांद्याने ढकलायला लागते. जड चेंडू वाढत्या वयाच्या मुलींनी जाणत्या प्रशिक्षकाशिवाय हातात घेऊ नयेत. मनगट एका कोनात बांधून ठेवणाऱ्या फळ्यांचा उपयोग मला कधी पटला नाही. ज्या सांध्याने मोकळं राहायचं त्यालाच त्या बांधतात. पिचर प्लेट आणि रेघ छापलेली रबरी चटई मात्र चांगली वस्तू आहे. सिमेंटवर किंवा हॉलमध्ये सराव करणाऱ्या शाळेने वर्गणी काढून एक घ्यायला हरकत नाही. सपाट चकतीसारखे गिरकीचे चेंडूही मिळतात. ते पट्टीच्या चेंडूचंच काम करतात, जरा जास्त स्पष्टपणे. कोणी भेट दिला तर घ्या.

किती टाकायचं

‘हात खालून फिरतो, त्यामुळे खांद्याला काही होत नाही’ हे वाक्य विसरा. विंडमिलमध्ये खांद्याच्या पुढच्या बाजूवर आणि दंडाच्या वरच्या भागावर चांगलाच ताण येतो. जपानच्या युकिको उएनोने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले आणि सुवर्णपदक आणलं. पुढे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, ३९ व्या वर्षी ती पुन्हा अंतिम सामन्यात पिचिंग करत होती. हे उदाहरण पालक सांगतात तेव्हा मी त्यांना विचारतो, त्या ४१३ च्या मागची वर्षं मोजलीत का?

नव्या मुलीने आठवड्यातून तीन, फार तर चार दिवस टाकावं आणि एका दिवशी साठ-सत्तर चेंडूंवर थांबावं. त्यातले निम्मे जवळून, हळू. आधी मैदानाला दोन फेऱ्या, खांदे आणि कंबर सैल करणं, मग जवळून टाकणं. खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी बंद. दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर डॉक्टर, बाम नव्हे. आणि शाळेत एकच पिचर तयार करू नका. जिल्ह्यानंतर विभाग, विभागानंतर राज्य अशी स्पर्धांची रांग लागली की एकटीच्या खांद्यावर सगळं येतं. क्रीडागुणांच्या आशेने ती दुखणं लपवते, तेव्हा तिला विचारत राहा.

चौकटीपुढे बॅटर

पट्टी उभी, पाऊल रेघेवर, ४३ सेंटिमीटरच्या चौकटीत दहांतले सहा आत, इतकं जमलं की दुसरा चेंडू शिकायला घ्या: चेंज-अप. हात त्याच वेगाने फिरवायचा आणि चेंडू मात्र मंद जायला हवा. चेंडू तळव्यात खोलवर धरून सोडणं ही सगळ्यात सोपी रीत. इथे साधन म्हणजे मैत्रीण. तिने चेंडूकडे न बघता फक्त तुमच्या हाताकडे बघायचं आणि चेंडू सुटायच्या आत ‘जोरात’ की ‘हळू’ ते ओरडायचं. तिचं निम्म्याहून जास्त वेळा बरोबर येत असेल तर तुमचा हात चुगली करतोय.

त्यानंतर चौकट तशीच ठेवून तिच्या बाजूला हेल्मेट घातलेली बॅटर उभी करा. बॅट हातात, पण फिरवायची नाही. बहुतेक मुलींचे चेंडू त्या दिवशी बॅटरपासून लांब, बाहेरच्या बाजूला जायला लागतात, कारण माणसाला चेंडू लागेल ही भीती असते. मग चौकट परत ६२ ची करा, आठवडाभर तशीच टाका, पुन्हा कमी करा. उजवी आणि डावी दोन्ही बॅटर आलटून पालटून उभ्या करा. इलॅस्टिक सोडून खऱ्या कॅचरला बसवाल त्या दिवशी चेंडूवरची टेपही काढा, कारण टेप लावलेला चेंडू सामन्यात चालत नाही. टेपचा चिकटपणा राहतो, तो ओल्या फडक्याने पुसा आणि चेंडू सावलीत वाळवा. उन्हात ठेवला तर चामडं कडक होतं.